आरएस२३०: स्टेज २ नंतर ठिणगीचं टायमिंग मागे येतंय, नाशिकच्या उन्हाळ्यात ट्यून कसं बसवावं?

गोदाकाठी_आरएस

नमस्कार मंडळी,

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस२३०, २०१७ ची. २.० टीएसआय, सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), कंपनीतून २३० पीएस आणि ३५० एनएम. हिवाळ्यात कामं करून घेतली: टर्बोनंतरचा हाय-फ्लो कॅटचा (धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर) डाउनपाइप, उघड्या फिल्टरचा ओपन इनटेक, टर्बोची हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर आणि त्यावर स्टेज २ ची फाइल, म्हणजे इंजिन कॉम्प्युटरचं वाढीव ताकदीचं सॉफ्टवेअर. फाइल परदेशी, तयार मिळणारी. इथल्या विक्रेत्याने लॅपटॉप लावला, लोड केली, पैसे घेतले. लॉग (चालत्या गाडीच्या सेन्सरची नोंद) बघणं वगैरे काही झालं नाही. विचारलं तर म्हणाला, "हजारो गाड्यांवर चालतेय, काही होत नाही."

जानेवारीत गाडी मस्त होती. मार्चपासून मात्र दुपारी तिसऱ्या गिअरमध्ये ३००० च्या पुढे पाय दाबला की आधी जोर येतो आणि लगेच कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी होते. चेक लाइट नाही, मिसफायर नाही. रात्री नऊनंतर तीच गाडी बरी पळते. घोटीकडून येताना गाडी तापली की सगळ्यात वाईट.

इंजिन खोलायच्या आधी काय काय तपासू? ज्यांनी टर्बो पेट्रोल गाड्या इथल्या हवेत ट्यून करून घेतल्या आहेत, त्यांनी कृपया सांगा.

सातपूर_शिफ्ट२

भाऊ, लॉगशिवाय बोलणं म्हणजे अंदाज. ओबीडीचं (गाडीच्या तपासणी सॉकेटचं) डोंगल असेल तर एकाच पुलमध्ये, म्हणजे पूर्ण थ्रॉटलवर आरपीएम वर नेताना, एवढे चॅनेल घ्या: आरपीएम, मागितलेला आणि प्रत्यक्ष बूस्ट (टर्बोचा दाब), चारही सिलिंडरचं ठिणगीच्या टायमिंगचं करेक्शन वेगवेगळं, इनटेक हवेचं तापमान, लॅम्डा (हवा-इंधन प्रमाण, १ म्हणजे अचूक), इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या हाय प्रेशर रेलचं मागितलेलं आणि प्रत्यक्ष प्रेशर, वेस्टगेटची (टर्बोला वळसा देणाऱ्या झडपेची) स्थिती. शिवाय शांत चालवताना लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे इंधनाची कायमची कमी-जास्त दुरुस्ती.

तिसऱ्या गिअरचा पूर्ण पुल रस्त्यावर मारू नका. साडेसहा हजारपर्यंत नेली की वेग १४० च्या वर जातो. समृद्धीवरसुद्धा मर्यादा १२० आहे. रस्त्यावर दुसऱ्या गिअरचा लॉग पुरे, बाकी डायनोवर (गाडी जागेवर रोलरवर पळवून ताकद मोजणारं यंत्र).

गोदाकाठी_आरएस

घेतला. दुपारी चारची वेळ, बाहेर ३९ अंश, टाकीत साधं पेट्रोल.

टायमिंग करेक्शन: तिसऱ्या सिलिंडरला ६ अंश मागे, चौथ्याला ५, पहिल्या-दुसऱ्याला ३ च्या आसपास. ३४०० ते ४६०० आरपीएममध्ये सगळ्यात जास्त.
बूस्ट: मागणी २४५० मिलिबार अॅब्सोल्यूट (बाहेरच्या हवेचा दाब धरून), प्रत्यक्षात २३८० पर्यंत पोचतोय, ५५०० नंतर बराच खाली.
इनटेक तापमान: सुरुवातीला ५८, पुल संपताना ७१.
रेल प्रेशर: मागणी २०० बार, वरच्या आरपीएमला प्रत्यक्षात १७४.
लाँग टर्म ट्रिम: अधिक ९ टक्के.
वेस्टगेट जवळपास पूर्ण बंद.

यात नेमकं वाईट काय आहे?

अंबड_कॅलिब्रेशन

मी इंजिन कॅलिब्रेशनमध्ये नोकरी करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. तुमच्या लॉगमध्ये तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत.

पहिली गोष्ट नाशिकची उंची. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहोत. इथे हवेचा दाब ९४० मिलिबारच्या आसपास असतो, मुंबईत १०१० च्या आसपास. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बूस्ट मागतो तो अॅब्सोल्यूट. म्हणजे मुंबईत असो वा आपल्या इंदिरानगरात, त्याला मॅनिफोल्डमध्ये (इंजिनच्या हवेच्या तोंडाशी) २४५० हवेत म्हणजे हवेत. मुंबईत त्यासाठी कॉम्प्रेसरला दाब २.४ पट करावा लागतो, इथे २.६ पट. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण तुमच्या गाडीचा टर्बो लहान आहे. तो आधीच आपल्या क्षमतेच्या कडेला चालतोय, आणि त्या कडेला त्याची कार्यक्षमता झपाट्याने घसरते.

आकडे घेऊन बघा. कार्यक्षमता ७० टक्के धरली आणि बाहेरची हवा ४० अंश असली, तर आपल्याकडे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी हवा जवळपास १८० अंशांची असते. तीच फाइल ज्याने युरोपात २० अंशांच्या दिवशी, समुद्रसपाटीला बनवली, त्याच्या डायनोवर हा आकडा १४० च्या आसपास असणार. म्हणजे इंटरकूलरला इथे ४० अंश जास्त गरम हवा मिळते आणि ती थंड करायला बाहेरून येणारी हवासुद्धा उन्हाळ्याचीच. मोठा इंटरकूलर लावूनही ७१ अंश दिसतायत ते यामुळे.

हवा गरम झाली की नॉकिंग (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकून ठोके बसणं) लवकर सुरू होतं. नॉक सेन्सरने ऐकलं की ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो. त्याने इंजिन वाचतं, पण ज्वलन उशिरा होऊन उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते, टर्बाइन तापतं आणि ताकद पडते. तुम्हाला "मागून धरल्यासारखं" वाटतं ते हेच. ६ अंश मागे येणं ही ईसीयूची नेहमीची बारीकसारीक दुरुस्ती नाही. त्या सिलिंडरमध्ये प्रत्येक पुलला नॉक होतोय आणि ईसीयू त्याच्या मागे धावतोय. कृपया तोवर पूर्ण थ्रॉटल टाळा.

रेल प्रेशर आणि ट्रिमबद्दल रात्री लिहिते.

व्हीटेक_२००२

माझी जुनी सिटी व्हीटेक आहे, टर्बो नाही, पण इंधनाचा मुद्दा सगळ्यांना सारखाच. माझ्या मते या सगळ्याचं मूळ ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे. इथेनॉल आल्यापासून मायलेज गेलं, पिकअप गेला. फाइल ठीकच असणार, पेट्रोलच बदललंय.

अंबड_कॅलिब्रेशन

काका, मायलेजबद्दल तुमचं बरोबर आहे, इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी असते. नॉकिंगच्या बाबतीत मात्र चित्र उलटं आहे. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो. सरकारी माहितीनुसार ९१ आरओएनच्या (आपल्याकडची ऑक्टेनची मोजणी) मूळ पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं की मिश्रण ९५ च्या आसपास जातं. शिवाय इथेनॉलची वाफ होताना ते बरीच उष्णता ओढून घेतं, आणि ही गाडी डायरेक्ट इंजेक्शनची असल्याने तो थंडावा थेट सिलिंडरमध्ये मिळतो.

अडचण प्रमाणाची आहे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे त्याच हवेसाठी ९ टक्के जास्त इंधन. यांचा ट्रिम किती? अधिक ९. गूढ उकललं. ट्रिम बिघाड दाखवत नाहीये, ईसीयू आपलं काम चोख करतोय.

पण पूर्ण लोडला तेच ९ टक्के जादा इंधन हाय प्रेशर पंपाला पुरवावं लागतं. स्टेज २ मुळे हवा आधीच वाढलेली. २०० मागून १७४ मिळतात याचा अर्थ पंपाचा दम संपलाय. तिथे आणखी बूस्ट मागणं धोक्याचं, कारण मिश्रण पातळ झालं की नॉक आणखी वाढतो. आणि हो, ट्यूनरशी बोलताना एअर-फ्युएल रेशोचा आकडा वापरू नका, लॅम्डाच बोला. इंधन बदललं की रेशोचा अर्थ बदलतो, लॅम्डा १ मात्र कुठल्याही इंधनात १ च.

सातपूर_शिफ्ट२

एक मुद्दा माझ्याकडून. फाइलच्या नावात ऑक्टेन काय लिहिलंय बघा.

गोदाकाठी_आरएस

"९३" लिहिलंय. म्हणून तर मी निश्चिंत होतो, आपल्याकडे ९५ मिळतं.

सातपूर_शिफ्ट२

वाटलंच. ते ९३ अमेरिकी मोजणीतलं आहे. तिकडे पंपावर आरओएन आणि एमओएनची (ऑक्टेनची दुसरी, जास्त कडक मोजणी) सरासरी लिहितात. त्यांचं ९३ म्हणजे आपल्या आरओएनमध्ये ९८ च्या आसपास. तुमची फाइल ९८ आरओएन गृहीत धरून ठिणगी टाकतेय आणि टाकीत साधं पेट्रोल आहे, तेही ३९ अंशांत, ९४० मिलिबारमध्ये. विक्रेत्याने हे सांगायला हवं होतं. हे त्याचं काम होतं आणि त्याने ते केलं नाही, एवढं मी स्पष्ट बोलतो.

आता लगेच करायचं काम: टाकी रिकामी होत आली की १०० ऑक्टेन भरा आणि पुन्हा लॉग घ्या. नॉक किती कमी होतो त्यावरून इंधनाचा वाटा किती आणि उष्णतेचा किती हे वेगळं होईल. दुसरं, स्मोक टेस्ट (पाइपात धूर सोडून गळती शोधणं). वेस्टगेट पूर्ण बंद असूनही बूस्ट ७० मिलिबारने कमी पडतोय, हे मला खटकतंय. या इंजिनात एअर मास मीटर नाही, सगळा हिशेब मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा). त्यामुळे थ्रॉटलच्या आधी कुठे गळती असली तर ट्रिममध्ये दिसत नाही. टर्बो बिचारा जास्त फिरून ती भरून काढतो आणि हवा आणखी तापवतो.

पोलो_पंचवटी

दादा, मध्येच विचारतो, माफ करा. माझी पोलो जीटी टीएसआय १.२ आहे, डीएसजी. मित्राने स्टेज १ (नुसतं सॉफ्टवेअर) टाकलंय, मलाही टाकायचंय. माझ्या गाडीलाही हाच त्रास होईल का?

सातपूर_शिफ्ट२

मित्रा, तुझा प्रश्न आधी गिअरबॉक्सचा आहे. तुझा सात गिअरचा डीएसजी ड्राय (तेलाविना चालणाऱ्या) क्लचचा, त्याची मर्यादा २५० एनएम. कंपनीतून तुझी गाडी १७५ देते. स्टेज १ च्या बऱ्याच फाइल खालच्या आरपीएमला टॉर्कचा डोंगर उभा करतात, कारण चालवताना तेच जाणवतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. द्वारका आणि मुंबई नाक्यावर रोज अडकणाऱ्या ड्राय क्लचवर असा डोंगर ठेवू नकोस. ट्यूनरला सांग, टॉर्क २२० च्या आत ठेव आणि ताकद वरच्या आरपीएमला दे. जमत नाही म्हणाला तर दुसरा शोध.

शरणपूर_रोड

तांत्रिक चर्चा उत्तम चालली आहे. वकील म्हणून एक गोष्ट इथे नोंदवतो, कारण तरुण मुलं हा धागा वाचतायत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आवाज आणि धुराचं कलम वेगळं. अपघात झाला आणि सर्व्हेअरला न कळवलेले बदल दिसले तर विम्याचा दावा अडकतो. कॅट काढून टाकलेला पाइप तर कुठल्याच परिस्थितीत समर्थनीय नाही.

हे सगळं ट्रॅकसाठी, ऑटोक्रॉससाठी वेगळी गाडी ठेवून करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. आपल्या नाशिकने रॅली ऑफ महाराष्ट्र पाहिली आहे, गाडी वेगात चालवायची जागा कोणती हे इथल्या लोकांना सांगायला नको.

गोदाकाठी_आरएस

वकीलसाहेब, आभारी आहे. विमा कंपनीला बदलांचं लेखी कळवतोय, काय म्हणतात ते इथे लिहीन.

स्मोक टेस्ट झाली. अंबडला एका ओळखीच्या गॅरेजमध्ये केली. इंटरकूलरकडून थ्रॉटलकडे जाणाऱ्या पाइपच्या जोडावर धूर दिसला, अगदी बारीक, दोऱ्यासारखा. खात्रीसाठी मिस्त्रींनी साबणाचं पाणी मारलं तर क्लिपच्या खालच्या बाजूला, जिथे हात पोचत नाही तिथे, फेसाचे बुडबुडे एकामागून एक फुगत होते. आतली रबरी सील एका जागी दुमडून कापली गेलेली. इंटरकूलर बसवताना कोरडीच दामटलेली दिसते. नवी सील सिलिकॉन ग्रीस लावून बसवली.

प्लगही काढले. पहिल्या-दुसऱ्याचं पोर्सिलीन फिकट तपकिरी, स्वच्छ. तिसऱ्याच्या पांढऱ्या पोर्सिलीनवर मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके, आणि भिंगाखाली धरल्यावर त्यात दोन-तीन चकाकणारे कण. मिस्त्री बराच वेळ ते भिंगातून बघत होते. ठिणगीची गॅप चारही प्लगना ०.८ मिमीच्या वर.

अंबड_कॅलिब्रेशन

ते चकाकणारे कण अॅल्युमिनियमचे असू शकतात, पिस्टनच्या माथ्यावरून उडालेले. वेळेत थांबलात हे फार बरं झालं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून पिस्टनची कड बघून घ्या आणि चारहींचं कॉम्प्रेशन मोजा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ आले तरच पुढे जायचं.

प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारे) घ्या, गॅप ०.६५ ते ०.७ मिमी. जास्त दाबात मोठ्या गॅपवर ठिणगी विझते. बोरस्कोप आहेच हाताशी तर इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बनही बघा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, ६० हजारांच्या पुढे चांगलाच थर बसतो.

ओपन इनटेकबद्दल एक आग्रहाची विनंती. तो काढा आणि झाकणाचा, ग्रिलमागून हवा घेणारा बॉक्स बसवा. ओपन फिल्टर बॉनेटखालचीच हवा ओढतो. सिग्नलला पाच मिनिटं उभं राहून निघालात तर टर्बोला ४० ऐवजी ६० अंशांची हवा मिळते, आणि वर सांगितलेला सगळा हिशेब तिथून सुरू होतो. आवाज छान येतो हे मला मान्य आहे. इंजिन त्याहून महाग आहे.

आता ट्यूनबद्दल. तयार फाइलला बारीक ठिगळं लावून घेऊ नका. डायनो असलेल्या, स्वतः कॅलिब्रेट करणाऱ्या माणसाकडे जा, नाशिकहून पुणे काही लांब नाही. त्याला सांगायचं ते असं. बूस्टची मर्यादा प्रेशर रेशोवर (बाहेरच्या दाबाच्या किती पट) ठरव, नुसत्या अॅब्सोल्यूट आकड्यावर नको. म्हणजे गाडी कसारा उतरली की थोडा बूस्ट वाढेल आणि इगतपुरी चढली की आपोआप कमी होईल. इनटेक तापमान ५० च्या वर गेलं की टायमिंग आणि बूस्ट दोन्ही उतरणीला लागू देत, नॉक होऊन मग मागे यायला नको. टॉर्क ३००० ला उभा करू नकोस, ३८०० पर्यंत हळूहळू चढव, कारण कमी आरपीएम आणि जास्त दाब हीच नॉकची सगळ्यात वाईट जागा. आणि रेल प्रेशर जिथे मागणीपासून तुटतं त्याच्या आधीच लोड कापून टाक.

ठिणगीचं टायमिंग वाढवताना डायनोवर टॉर्क वाढायचा थांबला की तिथून दोन अंश मागे यायचं. आपल्या पेट्रोलवर बहुतेक वेळा नॉक त्याच्याही आधी येतो, मग नॉकच्या आधी थांबायचं. पुलांच्या मध्ये गाडी थंड होऊ द्यायला लावा. डायनोचा पंखा रस्त्यावरच्या वाऱ्याची बरोबरी करत नाही.

डायनोचा कागद हातात आला की करेक्शन कोणतं लावलंय ते विचारा. दाब आणि तापमानाचं करेक्शन बिनटर्बो इंजिन डोळ्यांसमोर ठेवून केलेलं असतं. टर्बो गाडीत ईसीयू उंचीची कमतरता स्वतःच भरून काढतो, त्यावर पुन्हा करेक्शन लावलं की आकडा फुगतो. न सुधारलेला आकडा मागून घ्या.

सातपूर_शिफ्ट२

आणि गिअरबॉक्स विसरू नका. तुमचा डीएसजी वेट (तेलात बुडालेल्या) क्लचचा, तेलाची मुदत ६० हजार किलोमीटर. तुम्ही ६० च्या आसपास असाल तर तेल-फिल्टर आधी बदला, मगच डायनो. क्लचचा दाब वाढवणारं गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर इंजिनच्या टॉर्कशी जुळवून घ्या, नाहीतर क्लच घसरेल आणि तुम्ही नॉक शोधत बसाल.

गोदाकाठी_आरएस

उशिरा लिहितोय, कामं एकामागून एक चालू होती. कॉम्प्रेशन चारहींचं सारखं निघालं, पिस्टनची कड शाबूत. मिस्त्रींनी व्हॉल्व्ह अक्रोडाच्या भुशाने साफ केले. झाकणाचा इनटेक, नवे प्लग, डीएसजीचं तेल, सगळं झालं. मग पुणे.

ट्यूनरने जुनी फाइल पूर्ण काढली आणि मूळ फाइलपासून सुरुवात केली. दोन मॅप (वेगवेगळ्या पेट्रोलसाठी सेटिंगचे संच) केले. रोजच्या ९५ च्या मॅपला बूस्ट २२५० पर्यंत चढून ६००० ला १९५० च्या आसपास उतरतो. १०० ऑक्टेनच्या मॅपला वरच्या बाजूला थोडं जास्त टायमिंग आहे, बूस्ट जवळपास तेवढाच. न सुधारलेला आकडा १०० वर २७४ पीएस आणि ४१० एनएम आला. जुन्या फाइलच्या जाहिरातीत यापेक्षा बरंच जास्त लिहिलं होतं, पण ते माझ्या गाडीने कधी दिलंच नव्हतं.

परवा दुपारी ४० अंशांत, पाथर्डी फाट्याच्या गर्दीतून बाहेर पडल्या पडल्या दुसऱ्या गिअरचा लॉग घेतला, ९५ च्या मॅपवर. तिसऱ्या सिलिंडरचं करेक्शन दीड अंश, बाकी तिघांचं एकाच्या आत. रेल प्रेशर १९६. इनटेक तापमान ५४ वरून सुरू होऊन ५९. गाडी आता दुपारी आणि रात्री सारखीच पळते.

विमा कंपनीचं उत्तर आलं: बदलांची नोंद घेतली, पण परिवहन कार्यालयाची मान्यता नसलेल्या भागांमुळे झालेलं नुकसान ते देणार नाहीत. वकीलसाहेब, तुम्हाला पत्राची प्रत पाठवतो.

शरणपूर_रोड

पाठवा. मूळ डाउनपाइप आणि एअर बॉक्स जपून ठेवा, विकू नका.

व्हीटेक_२००२

अंबडच्या ताई, इथेनॉलचा तो ९ टक्क्यांचा हिशेब पटला. माझ्या व्हीटेकचा ट्रिमही तपासायला दिलाय. एक शंका. हिवाळ्यात निफाडकडे पहाटे पारा ५-६ अंशांवर येतो. हवा थंड, म्हणजे नॉक नाही. मग यांनी त्या दिवसांसाठी बूस्ट वाढवून घ्यायला हरकत काय?

अंबड_कॅलिब्रेशन

नॉकच्या बाजूने हरकत नाही, पण थंड हवा घट्ट असते. त्याच बूस्टला सिलिंडरमध्ये हवेचं वजन जास्त जातं, म्हणजे इंधनही जास्त लागतं, आणि हाय प्रेशर पंप तोच आहे. उन्हाळ्यात नॉक आडवा येतो, थंडीत पंप. शिवाय थंड हवेत टर्बो लवकर जागा होतो आणि बूस्ट मागणीच्या वर उसळी मारतो. वेस्टगेटचं नियंत्रण उन्हाळ्यातच बसवलेलं असेल तर ही उसळी जास्त दिसते.

गोदाकाठी, डिसेंबरात पहाटे तेल ८० अंशांवर आल्यावर दुसऱ्या गिअरचा एक लॉग घ्या. रेल प्रेशर, लॅम्डा आणि २८०० ते ३५०० मधला मागितलेला-प्रत्यक्ष बूस्ट एवढे चॅनेल पुरे. उसळी १०० मिलिबारच्या वर गेली तर फाइल मला दाखवा, तुमच्या ट्यूनरशी मी बोलते.